ग्लेनट्रेसच्या जंगलात पहिल्यांदा सायकल चालवायला जाताना

मार्चअखेर इथली घड्याळं तासभर पुढे सरकली की एडिनबरातल्या आमच्या मराठी मंडळींपैकी कुणाचा तरी फोन येतोच. "ताई, तुम्ही त्या जंगलात सायकलला जाता ना? आम्हालाही यायचंय. काय काय लागेल?" गेली नऊ वर्षं मी पीबल्सजवळच्या ग्लेनट्रेसला जाते. सुरुवात मुलीच्या हट्टापायी झाली. ती आता शिकायला दुसऱ्या गावी गेली, माझं जाणं मात्र सुटलं नाही. फोनवर दरवेळी अर्धा तास जे बोलते, ते एकदा नीट लिहून ठेवते.

आधी ग्लेनट्रेससारखं ट्रेल सेंटर म्हणजे काय ते. मी साताऱ्याची. आमच्याकडे डोंगरात सायकल घालायची म्हणजे गुरांची वाट नाहीतर पायवाट धरायची, आणि जिथे ती संपेल तिथून परत फिरायचं. इथे तसं नाही. जंगल खात्यानं खास सायकलसाठीच वाटा बांधून काढल्यात. पाण्याला उतार दिलाय, ओल्या जागी दगड बसवलेत, वळणावर मातीचा कलता बांध घातलाय, आणि प्रत्येक वाटेला अवघडपणाप्रमाणे रंग दिलाय. पायथ्याशी पार्किंग, स्वच्छतागृह, कॅफे आणि सायकल धुवायची जागा. ब्रिटनमध्ये अशी पहिली जागा 1990च्या दशकात वेल्समधल्या कोएड-अ-ब्रेनिनच्या जंगलात झाली. ग्लेनट्रेस हे दक्षिण स्कॉटलंडमधल्या 'सेव्हन स्टेन्स' या साखळीतलं. स्टेन म्हणजे स्कॉट्स बोलीत दगड, आणि या साखळीतल्या जंगलांत खरोखरच एकेक कोरलेला दगड उभा आहे. ऑगस्ट 2023 मध्ये जागतिक सायकलिंग स्पर्धेतल्या माउंटन बाइकच्या क्रॉस-कंट्री, म्हणजे चढउतारांच्या फेऱ्यांच्या, शर्यती याच डोंगरावर झाल्या. टॉम पिडकॉकनं पुरुषांची आणि पोलिन फेराँ-प्रेव्होनं बायकांची शर्यत जिंकली. त्याच डोंगराच्या पायथ्याशी शनिवारी सकाळी पाच-सहा वर्षांची पोरं हिरव्या वाटेवर पॅडल मारत असतात. मला या जागेचं सगळ्यात जास्त काही आवडत असेल तर ते हेच.

एडिनबराहून पीबल्स 37 किलोमीटर, आणि तिथून पूर्वेला ए-72 रस्त्यावर तीनेक किलोमीटरवर ग्लेनट्रेस. गाडीनं तासाच्या आत पोचता. गाडी नसेल तर एडिनबराहून एक्स-62 ही बस पीबल्सला जाते. तिच्यात सायकल घेता येते, पण जागा मोजकी असते, म्हणून सुट्टीच्या दिवशी लवकरची बस धरा. पीबल्सला उतरून जुन्या रेल्वेमार्गावर केलेल्या सपाट सायकलवाटेनं जंगलापर्यंत येता येतं, तेवढेच पाय मोकळे होतात. जंगलात शिरायला पैसे नाहीत, पार्किंगला आहेत. उन्हाळ्यातल्या रविवारी साडेदहानंतर जागा मिळायची मारामार होते.

घरून निघण्याआधी एक काम न चुकता करा. फॉरेस्ट्री अँड लँड स्कॉटलंडच्या, म्हणजे इथल्या जंगल खात्याच्या, संकेतस्थळावर आज कोणत्या वाटा बंद आहेत ते बघा. हे जंगल आपोआप उगवलेलं नाही. पहिल्या महायुद्धात लाकूडतोड इतकी झाली की 1919 मध्ये सरकारनं फॉरेस्ट्री कमिशन काढून देशभर झाडं लावायला घेतली. आज तुम्ही ज्या सिटका स्प्रूसच्या सावलीतून जाता ते एक पीक आहे, आणि पीक तयार झालं की त्याची तोडणी होते. तोडणी चालू असली की वाट बंद करतात. नोव्हेंबर 2021 मध्ये आर्वेन वादळानं या भागात इतकी झाडं आडवी केली की पुढचे कित्येक महिने इथे वाटा बंदच दिसायच्या. 'वाट बंद' अशी पाटी दिसली आणि पलीकडे कुणी काम करताना दिसत नसलं, तरी आत शिरू नका. तोडणीचं यंत्र लांबूनही लाकडाचा तुकडा किंवा साखळीची कडी गोळीसारखी उडवू शकतं.

सायकल भाड्यानं घेणार असाल तर आठवडाभर आधी सांगून ठेवा. उंची सेंटिमीटरमध्ये आणि वजन किलोत खरं सांगा. उंचीवरून फ्रेमचं माप ठरतं आणि वजनावरून सस्पेन्शनमधली हवा. वजन सांगायला लाजून चार किलो कमी सांगितलं, तर प्रत्येक खड्ड्यात सायकल नको तितकी दबते. पहिल्या खेपेला फक्त पुढे सस्पेन्शन असलेली, म्हणजे हार्डटेल, पुरे होते. सायकल हातात आली की तिथल्या तिथे तीन गोष्टी बघा. एक, उजवा ब्रेक पुढच्या चाकाचा आहे ना. ब्रिटनमध्ये तसाच असतो, आपल्या मोटारसायकलसारखा, पण युरोपातून आलेल्या सायकलींना उलटा असू शकतो. दुसरी, सीट खालीवर करायचं बटण हँडलवर आहे का, आणि ते कसं चालतं. तिसरी, टायर. रस्त्यावरच्या सायकलसारखे दगडी टणक टायर इथे नकोत. अंगठ्यानं दाबल्यावर थोडे दबले पाहिजेत, म्हणजे ते मातीला धरून राहतात.

कपड्यांचं म्हणाल तर जीन्स नको, सुती टीशर्टही नको. भिजलं की वाळत नाही, आणि वर वारं सुटलं की अंग गारठतं. जुलैतही पिशवीत पातळ रेनकोट ठेवा. बुटाचा तळ सपाट आणि ताठ हवा. पळायच्या बुटांचे मऊ जाड तळवे पॅडलवर घसरतात. हेल्मेट तर हवंच, पण हातमोजे विसरू नका. माणूस पडला की आधी तळहात टेकतो आणि इथली माती खडीची आहे. गुडघ्यांना पॅड घ्या, विशेषतः चाळिशी ओलांडलेल्यांनी. आणि पिशवीत जास्तीची ट्यूब, पंप, टायर काढायच्या पट्ट्या, छोटी हत्यारं. ट्यूब बदलायची सवय घरी अंगणात करून घ्या.

आता रंगांकडे येते, कारण लोकांची चूक होते ती इथेच.

हिरवी वाट रुंद आणि सौम्य. निळी अरुंद, लहान उंचवटे, लहान वळणं, पण सगळं असं की चाक जमिनीवरून न उचलता पार होतं. लाल वाटेला उभे उतार, मुळं, दगड, पायऱ्या. काळी म्हणजे ज्यांचा हात बसलाय त्यांची, आणि लांबही. ती पार 600 मीटरच्या आसपासच्या डन्स्लेअर हाइट्सच्या माथ्याकडे जाते. नारिंगी रंग दिसला तर ती उड्यांची जागा.

गेल्या जूनमध्ये पुण्याहून माझा भाचा आला होता. दर रविवारी सायकलनं सिंहगड चढणारा, पोटऱ्या बघाल तर दगड. पायथ्याच्या फलकासमोर उभा राहून म्हणाला, "मावशी, निळी म्हणजे लहान मुलांची असणार. आपण थेट लालच करू."

मी म्हटलं, "आधी निळी. वर जाऊन खाली ये, मग तू म्हणशील ते."

चढावर तो मला टाकून कुठच्या कुठे गेला. चढसुद्धा इथे बांधलेली वाटच आहे, झाडांतून नागमोडी वर जाणारी. मधे मधे तिला खडीचा रुंद रस्ता आडवा येतो. माझ्या चालीनं मधल्या टप्प्याला, बझर्ड्स नेस्टला, पोचायला पाऊण तास लागतो. चढाचा एकच नियम: हलका गियर चढ सुरू व्हायच्या आधी टाका. पायावर पूर्ण जोर असताना गियर बदलला की चेन कडकड करते आणि तुटतेही. सायकल ढकलत चालायला काहीच कमीपणा नाही. शाळेत असताना यवतेश्वरच्या घाटात आम्ही सगळ्या मैत्रिणी ढकलतच जायचो. फक्त कडेनं चाला आणि मागच्याला वाट द्या.

उतार सुरू झाला आणि चित्र पालटलं. मी पहिल्या फाट्यावर थांबून वाट बघतेय, भाचा येतोय सावकाश, चेहरा ताणलेला. आला आणि हात झटकायला लागला. "मावशी, बोटं उघडत नाहीत." मी त्याच्या मुठी बघितल्या. चारही बोटं ब्रेकवर, कोपर ताठ, सीट वर तशीच, आणि तो त्या सीटवर बसलेला. सिंहगडाच्या डांबरी रस्त्यावर ते चालतं. इथे प्रत्येक दगडाचा दणका थेट पाठीत आणि मनगटात जातो.

तिथेच झाडाखाली मी त्याला जे दाखवलं ते तुम्हालाही सांगते. उतार लागला की बटण दाबून सीट खाली घाला. उभे राहा, दोन्ही पॅडल जमिनीला समांतर, सगळा भार पावलांवर. गुडघे आणि कोपरं वाकलेली, कोपरं बाहेर, जणू कुणी पुढून ढकललं तर आपण ढळणार नाही. ब्रेकवर एकच बोट, तर्जनी, बाकी तीन हँडलवर. दोन्ही ब्रेक हळूहळू दाबायचे. आणि नजर पुढच्या चाकावर नाही, तर तीन-चार सायकलींच्या लांबीइतकी पुढे. नजर जाईल तिथे सायकल जाते. झाडाकडे बघत राहिलात तर झाडावरच जाल.

वळणाचं आणखी एक. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. बांध घातलेल्या वळणात ब्रेक सोडून सायकल आडवी कलू दिली की तो बांधच तिला वळवून देतो. हे सांगून पटत नाही, करूनच कळतं. निळ्या वाटेवर 'बर्म बेबी बर्म' नावाचा एक तुकडा आहे, नुसत्या वळणांचा. भाच्यानं तो त्या दिवशी तीनदा केला. तिसऱ्यांदा खाली आला तेव्हा ओरडत आला, आनंदानं. तोवर तळहात लाल झाले होते आणि भूक लागली होती, म्हणून आम्ही तिथेच थांबलो. लाल वाट दुसऱ्या दिवशी केली. वरच्या 'स्पूकी वूड'मध्ये त्यानं दोन उंचवटे चाक उचलून घेतले, बाकीचे शहाण्यासारखे गडगडत.

दम आणि कसब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि फलकावरचा रंग मुख्यतः कसबाबद्दल बोलतो. तुम्ही कितीही किल्ले चढला असाल, मॅरेथॉन पळाला असाल, तरी पहिल्या दिवशी निळ्यापासूनच सुरुवात करा. निळी वाट एकदाही पाय न टेकता, एकदाही घाबरून ब्रेक न आवळता पूर्ण झाली, तर लालकडे बघा. माझी पहिली लाल वाट दुसऱ्या वर्षी झाली. त्या वर्षभरात मला कधी कंटाळा आला नाही.

वाटेवरची रीत थोडक्यात. वाटा एकेरी आहेत, उलटं कधीच यायचं नाही. थांबायचं तर वाटेबाहेर, सायकलसकट, आणि उंचवट्याच्या पलीकडच्या बाजूला कधीच नाही, कारण वरून येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही. मागून कुणी जोरात आलं की 'रायडर' अशी हाक ऐकू येते. घाबरून कडेला उडी मारू नका. आपल्या चालीनं जात राहा, जागा रुंद झाली की बाजूला व्हा. ते आभार मानून जातात. नऊ वर्षांत मला, एका मध्यमवयीन हळू जाणाऱ्या बाईला, कुणी तिथे वाकडा शब्द बोललेलं नाही. उलट पंक्चर काढत बसले तर दर दुसरा माणूस थांबून विचारतो, सगळं आहे ना जवळ? खडीच्या रस्त्यावर मात्र चालणारे, कुत्री, घोडेस्वार सगळे असतात, तिथे वेग आपण कमी करायचा.

आता माझ्या मनगटाची गोष्ट. ऑक्टोबर होता, चार वर्षांपूर्वीचा. दोन फेऱ्या छान झाल्या होत्या. सूर्य डोंगराआड गेला होता, पाय भरून आले होते, आणि मी मुलीला म्हटलं, "एक शेवटची मारून येऊ." खालच्या टप्प्यात दोन मुळं वाटेला तिरपी आडवी आलेली आहेत. शेकडो वेळा पार केलेली. त्या दिवशी पाऊस होऊन गेलेला, मुळांची साल चाकांनी घासून गेलेली, आणि वरचं लाकूड साबणासारखं चकाकत होतं. मी दमलेली, म्हणून बसलेलीच होते. मुळं दिसली आणि हात आपोआप पुढच्या ब्रेकवर गेला. चाक मुळावर असतानाच ब्रेक लागला. चाक मुळावरून पार न होता मुळाच्या लांबीनं सरकत गेलं, सायकल डावीकडे आणि मी उजवीकडे. मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, कणीक मळणं बंद, केस बांधायलासुद्धा मुलगी.

त्यातून जे शिकले ते असं: ओलं मूळ दिसलं की ब्रेक आधीच लावून घ्या आणि मुळावर जाताना सोडा. त्याला शक्य तितकं काटकोनात छेदा. उभे राहा आणि सायकलला खालून हलू द्या. आणि 'शेवटची फेरी' असं तोंडात आलं की ती फेरी मारू नका, कॅफेत जा. बोटं दमली की ब्रेक उशिरा लागतो, डोळे दमले की नजर चाकाजवळ येते. जूनमध्ये इथे रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो, डिसेंबरात पावणेचारच्या आत. झाडांखाली त्याच्याही अर्धा तास आधी अंधारतं.

जंगलात फोनला सगळीकडे रेंज नाही. म्हणून एकट्यानं जाणार असाल तर कोणत्या रंगाच्या वाटेवर जाताय आणि किती वाजता परत येणार, हे घरी सांगून निघा. फोनवरून 'रजिस्टर' हा एक शब्द इंग्रजीत लिहून 999 ला मेसेज पाठवला आणि आलेल्या उत्तराला होकार दिला, की पुढे कधी बोलण्याइतकी रेंज नसली तरी मेसेजनं मदत मागता येते. हे आजच करून ठेवा, दोन मिनिटांचं काम आहे. अपघात झाला आणि माणसाला हलवता येत नसेल तर 999 लावून पोलीस मागा, आणि त्यांना माउंटन रेस्क्यू हवंय असं सांगा. इथल्या ट्वीड व्हॅलीचं, म्हणजे ट्वीड नदीच्या खोऱ्याचं, पथक येतं, सगळे स्वयंसेवक, आपापली कामं सोडून धावत येणारे. त्यांना वाटेचं नाव आणि शेवटचा दिसलेला खुणेचा खांब सांगितला तर ते लवकर पोचतात. मधल्या वेळात एका माणसाला वर उभं करा, म्हणजे मागून येणारे थांबतील, आणि पडलेल्याच्या अंगावर असतील नसतील ती जाकिटं घाला. जमिनीवर पडून राहिलेला माणूस जुलैतही गारठतो.

खाणं बरोबर घ्या. मी खिशात गूळ-शेंगदाणे ठेवते आणि पिशवीत धपाटे. चढावर दर अर्ध्या तासानं मूठभर दाणे तोंडात टाकले तर पाय गळत नाहीत. परत आल्यावर कॅफेत गरम सूप आणि केक घ्या.

मग सायकल धुवायची. पाण्याचा जोराचा फवारा चाकाच्या मध्यावर आणि पॅडलच्या दांड्यावर थेट मारू नका, आतलं ग्रीस निघून जातं. भाड्याची असली तरी ढोबळ चिखल काढून द्या, ही इथली पद्धत आहे. गाडीत जुनी चादर आणि दोन मोठ्या प्लास्टिकच्या पिशव्या ठेवा, एक चिखलाच्या बुटांना, एक कपड्यांना. गाडीच्या आडोशाला टॉवेल गुंडाळून कपडे बदलणारे लोक दिसतील. तुम्हीही बदला, ओल्या कपड्यांत घरापर्यंत जाऊ नका.

लंडनकडच्या ओळखीच्यांना मी बर्कशायरमधल्या स्विनली फॉरेस्टचं नाव सांगते, आणि बर्मिंगहॅमकडच्यांना कॅनक चेसचं, जिथे 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेतल्या माउंटन बाइकच्या शर्यती झाल्या. रंग तेच, रीतही तीच.

घरी आल्यावर एक काम उरतं. वाटेच्या कडेच्या नेच्यात आणि उंच गवतात गोचिडी असतात, वसंतापासून शरदापर्यंत जास्त. आंघोळीआधी चांगल्या उजेडात गुडघ्यामागे, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली, काखेत आणि मुलांच्या कानामागे बघा. तिळाएवढा काळा ठिपका दिसतो, पण चोळून जात नाही. तेल, मीठ, काडीचा चटका असलं काही करू नका. बारीक चिमट्यानं कातडीला लागून धरा आणि सरळ वर ओढा, न पिळता. जागा साबणानं धुवा आणि तारीख कॅलेंडरवर लिहा. पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरत जाणारं लाल वर्तुळ उठलं किंवा ताप आला तर डॉक्टरकडे जा आणि गोचीड चावली होती हे आपण होऊन सांगा, कारण गोचिडीतून होणाऱ्या लाइम आजारावर सुरुवातीलाच गोळ्या दिल्या तर तो बरा होतो. माझ्या भाच्याच्या पोटरीला एक सापडली होती. तारीख लिहिलेला कागद मी त्याच्या पासपोर्टला लावून पुण्याला पाठवला, कारण तिथल्या डॉक्टरला स्कॉटलंडमधली गोचीड सहजासहजी सुचणार नाही. त्याला काही झालं नाही, पण दोन महिने दर रविवारी मी फोनवर पोटरी कशी आहे ते विचारत होते.